‘फोटो ५१’ सगळ्यांना माहितीय, पण रोझालिंड फ्रँकलिन यांनी पकडलेलं डीएनएचं दुसरं रूप आज औषधांच्या कामी येतंय

मुंबई-गोवा महामार्गानं निघालं की महाडच्या थोडं अलीकडे सावित्रीच्या काठावर दासगाव लागतं. एकेकाळचं हे बंदर. इथला पावसाळा ज्यानं काढलाय त्याला वेगळं सांगावं लागत नाही. जून लागला की दारं फुगतात, पापड सादळतात, माचिस पेटत नाही आणि बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. मग कुणी बरणीत तांदळाचे दाणे टाकतं, कुणी बरणी चुलीजवळ सरकवतं.

मिठाला पाणी का सुटतं? हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं. याचं उलटंही खरं आहे. पाण्यात आणखी मीठ विरघळणारच नाही इतकं घट्ट द्रावण बंद डब्यात ठेवलं, तर आतली हवा ७५ टक्क्यांच्या आसपास दमट राहते. वेगळा क्षार घेतला की आकडा वेगळा. प्रयोगशाळेत हवी तेवढी आर्द्रता राखायची ही जुनी आणि स्वस्त युक्ती.

१९५१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात तिशीतल्या एका संशोधक बाईंनी हीच युक्ती डीएनएच्या धाग्यावर वापरली. क्षारांच्या द्रावणातून वायू सोडून त्यांनी कॅमेऱ्याच्या आतला दमटपणा हवा तसा कमी-जास्त केला. आणि त्यांच्या लक्षात आलं की डीएनएचं रूप एक नाही, दोन आहेत. एक ओलं, एक कोरडं.

त्यांचं नाव रोझालिंड फ्रँकलिन.

हे नाव तुम्ही बहुतेक ऐकलं असेल. ओल्या रूपाचा त्यांच्याकडचा फोटो, तोच तो ‘फोटो ५१’, त्यांना न विचारता दुसऱ्यांना दाखवला गेला आणि नोबेल त्या दुसऱ्यांना मिळालं, ही गोष्ट सोशल मीडियावर दरवर्षी फिरते. पण त्या कोरड्या रूपाचं पुढे काय झालं, हे सहसा कुणी सांगत नाही. त्या रूपावर घालवलेला वेळ म्हणजे फ्रँकलिन यांची चूक, त्यामुळेच त्या मागे पडल्या, असंच वर्षानुवर्षं लिहिलं गेलं.

आज आरएनएवर जाऊन चिकटणारी जी औषधं बनतात, त्यांची जोडी याच कोरड्या रूपाच्या साच्यात बसते. ते कसं, हे समजून घ्यायचं तर आधी फ्रँकलिन यांची गोष्ट बघावी लागते.

सुरुवात डीएनएपासून नाही, कोळशापासून झाली

रोझालिंड यांचा जन्म २५ जुलै १९२० चा, लंडनचा. घर खात्यापित्या ज्यू कुटुंबाचं, वडील एलिस फ्रँकलिन बँकिंगच्या व्यवसायात. सेंट पॉल्स ही मुलींची शाळा विज्ञान चांगलं शिकवायची आणि रोझालिंड यांना तेच हवं होतं. १९३८ मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. त्याच सुमारास हिटलरच्या जर्मनीतून पळालेली ज्यू मुलं इंग्लंडमध्ये येत होती आणि फ्रँकलिन कुटुंबानं त्यांच्यासाठी आपलं दार उघडलं होतं.

१९४१ मध्ये त्यांनी शेवटची परीक्षा दिली. पण त्या काळी केंब्रिजमध्ये मुली शिकायच्या, परीक्षा द्यायच्या, तरी पूर्ण पदवी त्यांना मिळायची नाही. हा नियम बदलायला १९४८ साल उजाडावं लागलं.

दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४२ मध्ये त्या कोळशावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत लागल्या. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण प्रश्न मजेदार होता. कोळशात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. ती किती बारीक, कोणत्या वायूचे रेणू आत जातात आणि कोणते बाहेरच अडकतात? रोझालिंड यांनी ते नेटानं मोजलं आणि याच कामावर १९४५ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएचडी मिळाली.

१९४७ मध्ये त्या पॅरिसला गेल्या. तिथे जाक मेरिंग यांच्याकडे त्या एक्स-रे विवर्तन शिकल्या. म्हणजे काय, तर एखाद्या पदार्थावर एक्स-रे सोडायचे, ते आतल्या अणूंवर आपटून कसे पांगतात ते फिल्मवर टिपायचं आणि त्या ठिपक्यांवरून अणूंची मांडणी गणितानं काढायची. आपल्या हाडाच्या एक्स-रेत सावली दिसते, तसं इथे थेट चित्र मिळत नाही. मिळतात फक्त ठिपके. बाकी सगळं डोकं आणि आकडेमोड.

पॅरिसची ती चार वर्षं त्यांच्या आयुष्यातली सुखाची. कोणता कार्बन तापवला की ग्रॅफाइट बनतो आणि कोणता कितीही तापवला तरी बनत नाही, हा त्यांचा शोध कार्बनवर काम करणाऱ्यांना आजही उपयोगी पडतो. डीएनए अजून त्यांच्या आयुष्यात आलेलाच नव्हता.

किंग्ज कॉलेज आणि एक न सांगितलेलं पत्र

जानेवारी १९५१ मध्ये त्या लंडनला परतल्या. किंग्ज कॉलेजातल्या विभागाचे प्रमुख जॉन रँडल यांनी त्यांना पत्रानं कळवलं होतं की डीएनएच्या एक्स-रेचं काम आता तुम्ही आणि रेमंड गॉसलिंग हा पीएचडीचा विद्यार्थी, असे दोघंच बघणार. अडचण एवढीच होती की हे काम आधीपासून करणाऱ्या मॉरिस विल्किन्स यांना या पत्राचा पत्ता नव्हता. विल्किन्स यांना वाटलं, आपल्या हाताखाली एक हुशार सहकारी आलीय. फ्रँकलिन यांना वाटलं, काम माझं आहे, मग हे मध्ये मध्ये का येतायत?

त्यात दोघांचे स्वभाव दोन टोकांचे. त्या तडकाफडकी वाद घालणाऱ्या, ते गप्प होऊन बाजूला सरकणारे. रँडल यांच्या विभागात तशा बऱ्याच स्त्रिया काम करत होत्या, पण कॉलेजातला एक भोजनकक्ष फक्त पुरुषांसाठी राखीव होता. पॅरिसच्या मोकळ्या गप्पांची सवय लागलेल्या फ्रँकलिन यांना किंग्ज मानवलं नाही.

काम मात्र जोरात सुरू झालं. स्वित्झर्लंडमधले रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ सिग्नर यांनी तयार केलेला उत्तम प्रतीचा डीएनए हाताशी होता. त्याचा केसाहून बारीक धागा ओढायचा, कॅमेऱ्यासमोर ताणून बसवायचा आणि तासन् तास एक्स-रे सोडायचे.

याआधी लीड्सच्या विल्यम ॲस्टबरी यांनीही डीएनएचे फोटो काढले होते, पण ते धूसर होते. कारण फ्रँकलिन यांच्या कामातून कळलं. त्या फोटोंत दोन रूपांची सरमिसळ झाली होती. दोन फोटो एकावर एक पडले की चेहरा ओळखू येत नाही, तसंच.

हवा साधारण ७५ टक्के दमट ठेवली की धागा आखडायचा, आतली रचना स्फटिकासारखी शिस्तीत यायची आणि फिल्मवर खूप सारे रेखीव ठिपके पडायचे. याला नाव मिळालं ‘ए’ रूप. आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर नेली की धागा पाणी पिऊन चांगलाच लांब व्हायचा आणि फिल्मवर ठळक फुलीसारखी नक्षी उमटायची. हे ‘बी’ रूप. पुन्हा कोरडं केलं की पुन्हा ‘ए’. पावसात फुगलेलं दार उन्हाळ्यात परत नीट लागतं, तसा हा धागा दोन्हीकडे जाऊ शकत होता.

आज आपल्याला माहितीय की दोन्ही रूपं म्हणजे पिळलेली शिडीच. ‘बी’ शिडी उंच आणि सडपातळ, एका फेऱ्यात साधारण १० पायऱ्या, फेऱ्याची उंची ३४ अँगस्ट्रॉम. ‘ए’ शिडी बुटकी आणि रुंद, फेऱ्यात साधारण ११ पायऱ्या, फेऱ्याची उंची सुमारे २८ अँगस्ट्रॉम आणि पायऱ्या तिरक्या कललेल्या. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

‘ए’च्या नादात ‘बी’ सुटला?

आता फ्रँकलिन यांच्यापुढे प्रश्न होता, आधी कोणत्या रूपाचा छडा लावायचा? ‘बी’च्या फोटोत फुली दिसत होती, म्हणजे रचना मळसूत्रासारखी असणार याचा अंदाज येत होता. पण तपशील कमी होते. ‘ए’च्या फोटोत ठिपके भरपूर, म्हणजे माहिती भरपूर. गणितानं ठोस उत्तर काढायचं तर ‘ए’ बरा. पॅरिसमध्ये शिस्तीत मोजमाप शिकलेल्या फ्रँकलिन यांनी ‘ए’ निवडला.

मे १९५२ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली गॉसलिंग यांनी ‘बी’चा तो प्रसिद्ध फोटो काढला. ६० तासांहून जास्त वेळ एक्स-रे सोडून मिळालेला. त्याच्यावर क्रमांक पडला ५१. फ्रँकलिन यांनी तो बाजूला ठेवला आणि ‘ए’ची आकडेमोड चालू ठेवली.

‘ए’च्या काही ठिपक्यांमुळे ही रचना मळसूत्र नसावी अशी शंका त्यांना आली. जुलै १९५२ मध्ये तर त्यांनी आणि गॉसलिंग यांनी ‘ए’ डीएनएचं मळसूत्र मरण पावलं, अशी गमतीची शोकपत्रिकाही लिहिली. विल्किन्स यांना ही गंमत फारशी आवडली नाही. कॉम्प्युटर हाताशी नव्हता. दोघांनी कागदाच्या पट्ट्या लावून महिनोन् महिने बेरजा केल्या.

तिकडे केंब्रिजमध्ये जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक मॉडेल बांधून उत्तर शोधत होते. १९५१ च्या शेवटी त्यांनी तीन पदरांचं एक मॉडेल बांधलं होतं आणि फॉस्फेट आत कोंबले होते. फ्रँकलिन यांनी ते बघताक्षणी मोडीत काढलं. पाणी ज्या सहजतेनं धाग्यात जातं-येतं, त्यावरून फॉस्फेट बाहेरच्या बाजूला असणार हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि ते बरोबरच निघालं.

जानेवारी १९५३ च्या अखेरीस विल्किन्स यांनी वॉटसन यांना फोटो ५१ दाखवला. फ्रँकलिन यांना याची कल्पना नव्हती. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते.

पण दुसरी गोष्टही तेवढीच महत्त्वाची आहे. किंग्जच्या कामाचा एक अहवाल निधी देणाऱ्या मंडळाकडे गेला होता आणि त्या समितीतले मॅक्स पेरुट्झ यांच्यामार्फत तो क्रिक यांच्या हाती पडला. त्यात फ्रँकलिन यांनी मोजलेली ‘ए’ रूपाची स्फटिकाची मापं होती. क्रिक तेव्हा घोड्याच्या हिमोग्लोबिनवर पीएचडी करत होते आणि योगायोगानं त्या स्फटिकाची सममिती अगदी याच प्रकारची होती. आकडे बघून त्यांना लगेच कळलं की डीएनएचे दोन पदर उलट्या दिशांनी धावतात. एक वर, एक खाली. पदर उलटसुलट आहेत, हा डबल हेलिक्सचा कणा आहे आणि तो मिळाला ‘ए’च्या मोजमापातून. ज्या रूपामुळे फ्रँकलिन मागे पडल्या म्हणतात, त्याच रूपाच्या आकड्यांनी दुसऱ्यांचं मॉडेल पुरं केलं.

फ्रँकलिन स्वतःही फार दूर नव्हत्या. फेब्रुवारी १९५३ मधल्या त्यांच्या नोंदवह्यांत दोन्ही रूपं दोन पदरी मळसूत्रं असल्याचा निष्कर्ष दिसतो. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये वॉटसन-क्रिक यांचा लेख आला, त्यामागे विल्किन्स यांच्या गटाचा आणि तिसऱ्या क्रमांकावर फ्रँकलिन-गॉसलिंग यांचा. वाचणाऱ्याला वाटावं की किंग्जवाल्यांनी मागाहून दुजोरा दिलाय. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रँकलिन आणि गॉसलिंग यांनी ‘ए’ रूपही दोन पदरी मळसूत्रच असल्याचा पुरावा छापला. त्याकडे लक्ष द्यायला तोवर कुणाला वेळ नव्हता.

मग आरएनए

मार्च १९५३ मध्येच फ्रँकलिन यांनी किंग्ज सोडलं आणि लंडनच्याच बर्कबेक कॉलेजात जे. डी. बर्नाल यांच्याकडे गेल्या. जागा जुनाट इमारतीत, पण माणसं चांगली. इथे त्यांनी विषाणूंवर काम सुरू केलं. पहिला विषाणू तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणारा, टोबॅको मोझॅक व्हायरस. या विषाणूत डीएनए नसतो, आरएनए असतो.

१९५४ मध्ये ॲरन क्लूग हे तरुण शास्त्रज्ञ त्यांच्यासोबत आले आणि यावेळी जोडी जमली. हा विषाणू म्हणजे प्रथिनांच्या तुकड्यांनी मळसूत्रासारखी रचलेली पोकळ नळी. प्रश्न होता की आरएनए कुठे असतो. मधल्या पोकळीत? फ्रँकलिन यांनी १९५६ मध्ये दाखवून दिलं की आरएनएचा एकेरी धागा नळीच्या मध्यापासून ४० अँगस्ट्रॉमवर, प्रथिनांच्या आतच गुंफलेला असतो. विषाणूचा आरएनए नेमका कुठे असतो, हे इतकं नेमकं सांगणारं काम तोवर फारसं झालं नव्हतं.

१९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना त्यांचं पोट फुगायला लागलं. परतल्यावर निदान झालं, अंडाशयाचा कॅन्सर. ऑपरेशनं झाली. मधल्या काळात बरं वाटलं की त्या पुन्हा प्रयोगशाळेत यायच्या. पोलिओच्या विषाणूवर काम सुरू केलं. ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनासाठी विषाणूचं भलंमोठं मॉडेल तयार करवून घेतलं.

१६ एप्रिल १९५८ रोजी रोझालिंड फ्रँकलिन गेल्या. वय ३७. दुसऱ्या दिवशी ब्रुसेल्सचं प्रदर्शन सुरू झालं.

१९६२ मध्ये वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना नोबेल मिळालं. नोबेल मरणोत्तर देत नाहीत. १९६८ मध्ये वॉटसन यांचं पुस्तक आलं, त्यात फ्रँकलिन एक चिडखोर बाई म्हणून रंगवल्या होत्या. त्या उत्तर द्यायला नव्हत्या. क्लूग यांना १९८२ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्या कामाची सुरुवात बर्कबेकच्या दिवसांत झाली होती.

कोरड्या रूपाचं पुढे काय झालं?

पुस्तकांत ‘बी’ रूप राहिलं, कारण पेशीत पाणी असतं आणि तिथला डीएनए बहुतेक ‘बी’ रूपातच असतो. तुम्ही लोगोत, पोस्टरवर, शाळेच्या पुस्तकात बघता ती शिडी ‘बी’. ‘ए’ तळटिपेत गेला.

पण मग एक गोष्ट समोर आली. आरएनएच्या दोन धाग्यांची जोडी जमली की ती ‘ए’ रूपात जमते. पाणी कितीही असो, ती ‘बी’ होत नाही. आणि १९६० मध्ये अलेक्झांडर रिच यांनी डीएनएचा एक आणि आरएनएचा एक असे धागेही जोडी जमवू शकतात हे दाखवलं. ही मिश्र जोडी ‘ए’ आणि ‘बी’ यांच्या मधलं रूप घेते, पण कल ‘ए’कडे.

असं का होतं? डीएनए आणि आरएनए यांच्या कण्यात पाच अणूंची कडी असलेली साखर असते. ही कडी सपाट नसते, थोडी मुडपलेली असते आणि मुडपायच्या तिच्या मुख्य दोन तऱ्हा आहेत. आरएनएच्या साखरेत दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर एक जादा ऑक्सिजन असतो. तो असला की कडी एकाच तऱ्हेनं मुडपून बसते आणि त्या तऱ्हेतून ‘ए’ शिडी तयार होते. डीएनएत तो ऑक्सिजन नाही, म्हणून त्याची साखर लवचीक. ओलं असेल तर ‘बी’, कोरडं असेल तर ‘ए’. फ्रँकलिन यांनी दमटपणा बदलून जे घडताना बघितलं, त्याच्या मुळाशी ही कडी आहे.

आता म्हणाल, याचा औषधाशी काय संबंध?

१६ कोटींचं इंजेक्शन आठवतंय?

२०२१ च्या सुमारास आपल्याकडे एका आजारासाठी लोकवर्गणीच्या पोस्ट फिरत होत्या. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, म्हणजे एसएमए. एका जनुकातल्या बिघाडामुळे बाळाचे स्नायू निकामी होत जातात. १६ कोटींचं ते इंजेक्शन विषाणूच्या मदतीनं चांगलं जनुक आत पोचवतं. पण याच आजारावर त्याच्या आधी, डिसेंबर २०१६ मध्ये, अमेरिकेत एका वेगळ्याच जातीच्या औषधाला मान्यता मिळाली होती. नाव नुसिनर्सेन. तेही प्रचंड महाग. पण ते काम कसं करतं ते बघा.

पेशीत डीएनएवरून आरएनएचा निरोप लिहिला जातो आणि निरोपावरून प्रथिन बनतं. निरोप चुकीचा असेल तर त्याच्या अक्षरांना जुळणारा छोटा उलटा धागा बनवून निरोपावर चिकटवायचा, ही कल्पना. १९७८ मध्ये हार्वर्डच्या पॉल झॅमेक्निक आणि मेरी स्टीफनसन यांनी १३ अक्षरांचा डीएनएचा तुकडा वापरून कोंबडीच्या पेशीत एका विषाणूची वाढ रोखून दाखवली. कल्पना भन्नाट होती, पण औषध बनवायला दोन अडचणी होत्या.

पहिली, साधा धागा पेशीतले एन्झाइम बघता बघता कुरतडून टाकतात. यावर उपाय म्हणून कण्यातल्या फॉस्फेटमधला एक ऑक्सिजन काढून तिथे गंधक बसवलं गेलं. धागा टिकायला लागला, पण आरएनएवरची त्याची पकड थोडी ढिली झाली.

दुसरी अडचण हीच, पकडीची. पकड किती घट्ट, हे मोजायची पद्धत सोपी आहे. जोडी जमलेलं द्रावण हळूहळू तापवायचं आणि कोणत्या तापमानाला निम्म्या जोड्या सुटतात ते बघायचं. हा आकडा जितका जास्त, तितकी जोडी टिकाऊ.

रसायनशास्त्रज्ञांनी मग साखरेत फेरफार सुरू केले. दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर कधी फ्लोरिन बसवला, कधी ऑक्सिजनला मिथिलची किंवा त्याहून लांब शेपटी जोडली. १९९७-९८ च्या सुमारास जपानचे ताकेशी इमानिशी आणि डेन्मार्कचे येस्पर वेंगेल यांच्या गटांनी स्वतंत्रपणे साखरेच्या कडीवर एक पूल बांधून तिला कुलूपच घातलं. या साखरेला दुसऱ्या तऱ्हेनं मुडपताच येत नाही. याला लॉक्ड न्यूक्लिइक ॲसिड म्हणतात. असं एकेक कुलूपबंद अक्षर जोडीचं सुटण्याचं तापमान साधारण २ ते ८ अंश सेल्सिअसनं वाढवतं.

या सगळ्या फेरफारांत समान काय? साखर आधीपासूनच ‘ए’ रूपाला लागते तशी मुडपलेली राहते. पंगतीत आधीच मांडी घालून बसलेल्या माणसाला पानं वाढताना सावरावं लागत नाही, तसं. आरएनए ‘ए’च्याच साच्यातला. त्याला जुळणारा धागाही ‘ए’साठी तयार होऊन आला की जोडी पटकन जमते आणि सहज सुटत नाही. बुटकी, रुंद, तिरक्या पायऱ्यांची तीच शिडी.

रूप फक्त पकडच ठरवत नाही, निरोपाचं पुढे काय होणार हेही ठरवतं. आपल्या पेशीत एक एन्झाइम असं आहे की डीएनए-आरएनएची मिश्र जोडी दिसली की त्यातला आरएनए कापतं. पण जोडी पूर्णपणे ‘ए’ झाली तर त्याला ती ओळखता येत नाही. म्हणून निरोप नष्ट करायचा असेल तर औषधाच्या दोन्ही टोकांना बदललेल्या साखरा ठेवतात आणि मधला भाग साध्या डीएनएचा. टोकं घट्ट धरतात, मधे कात्री चालते.

नुसिनर्सेनला निरोप कापायचा नाही, वाचवायचा आहे. एसएमएच्या बाळांत मुख्य जनुक बिघडलेलं असतं, पण त्याचं एक जुळं जनुक शाबूत असतं. त्याच्या निरोपातला एक तुकडा मात्र पेशी बहुतेक वेळा गाळून टाकते. नुसिनर्सेन हा १८ अक्षरांचा धागा, त्यातली प्रत्येक साखर बदललेली. तो मणक्यातल्या द्रवात टोचतात. तो निरोपावर नेमक्या जागी बसतो, कात्रीला दाद देत नाही आणि त्या जागेवर झाकण घालून गाळला जाणारा तुकडा वाचवतो. मग उपयोगी प्रथिन बनायला लागतं. ज्या बाळांना बसता येईल का अशी शंका असायची, त्यातली काही वेळेवर औषध मिळाल्यावर बसायला, काही तर चालायला लागली.

पुण्यातही हेच काम

हे सगळं परदेशातच चालतं असं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, के. एन. गणेश आणि वैजयंती कुमार यांच्या गटांनी बदललेल्या न्यूक्लिइक ॲसिडवर वर्षानुवर्षं काम केलं. साखर आणि फॉस्फेटचा कणाच काढून त्याजागी प्रथिनांसारखा कणा बसवला तर काय होतं? कणा थोडा लांब केला तर धागा डीएनएला धरेल की आरएनएला? वैजयंती कुमार यांच्या गटानं कण्यात असा बदल करून दाखवला की धागा डीएनएपेक्षा आरएनएला पसंती देतो. गणेश पुढे पुण्याच्या आयसर या संस्थेचे पहिले संचालक झाले. या कामात दरवेळी जोडी तापवायची, सुटण्याचा आकडा नोंदवायचा आणि रूप ‘ए’कडे झुकतंय की ‘बी’कडे ते तपासायचं, हा रोजचा शिरस्ता.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. ही औषधं फ्रँकलिन यांनी शोधली नाहीत. साखरेच्या मुडपण्याचं गणितही त्यांच्या हयातीत कुणी असं लावलं नव्हतं. त्यांनी केलं ते एवढंच, की सरमिसळ झालेली दोन रूपं वेगळी केली, दमटपणाचे आकडे लावून दिले आणि कुणाला घाईचं न वाटणारं रूप शेवटपर्यंत मोजलं. डबल हेलिक्सच्या शर्यतीचा हिशेब लावला तर ही निवड त्यांना महागात पडली. पण विज्ञानाचा हिशेब १९५३ ला बंद झाला नाही.

लंडनच्या विल्सडन इथल्या ज्यू दफनभूमीत फ्रँकलिन यांची कबर आहे. तिथल्या दगडावर त्या शास्त्रज्ञ असल्याचं लिहिलंय आणि विषाणूंवरच्या त्यांच्या कामाचा उल्लेख आहे. डीएनएचा नाही. १९५८ मध्ये त्यांच्या घरच्यांना त्यांच्या आयुष्यातलं मोठं काम तेच वाटलं होतं.